ज्यांना मत नव्हतं, त्यांची निवडणूक

न्यू हॅम्पशर हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं चिमुकलं राज्य. 12 मार्च 1968 च्या रात्री तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीची मतं मोजून झाली, तेव्हा कागदोपत्री राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन जिंकले होते. मतपत्रिकेवर त्यांचं नाव छापलेलंही नव्हतं. लोकांनी ते हाताने लिहून त्यांना 49 टक्क्यांहून जास्त मतं दिली होती. त्यांच्यासमोर उभे असलेले मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी 42 टक्क्यांवर थांबले. एकूण मतं पडली 55 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नगरपालिकेच्या निवडणुकीइतकी. तरीही दुसऱ्या दिवशी देशभरची वर्तमानपत्रं जॉन्सन हरल्यासारखं लिहीत होती. एकोणीस दिवसांनी, 31 मार्चच्या रात्री, जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगितलं, की आपण पुन्हा उमेदवारी मागणार नाही आणि पक्षाने दिली तरी घेणार नाही.

हे कोणी घडवलं, याचं उत्तर तेव्हा दिलं गेलं तेच आजही दिलं जातं: कॉलेजातल्या पोरांनी. उत्तर बरोबर आहे, पण त्यात एक गोम आहे. त्या पोरांपैकी जवळजवळ कोणालाच न्यू हॅम्पशरमध्ये मत नव्हतं. बहुतेक जण शेजारच्या किंवा दूरच्या राज्यांतून आलेले. त्यातल्या कित्येकांना तर देशात कुठेच मत नव्हतं, कारण मतदानाचं वय 21 होतं. तरुण मतदारांनी इतिहास बदलला म्हणून जी निवडणूक सांगितली जाते, ती मुळात मताधिकार नसलेल्या तरुणांनी लढवली होती. त्यांनी ती कशी लढवली आणि पुढे हातात मत आल्यावर त्या ताकदीचं काय झालं, याची ही हकिगत.

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अमेरिकेत 1968 साली परिस्थिती फार वेगळी नव्हती. उमेदवारीचा निर्णय उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात होई आणि तिथे मत देणाऱ्या प्रतिनिधींपैकी बहुसंख्य राज्याराज्यांतले पुढारी, गव्हर्नर आणि महापौर आपल्या मुठीत ठेवून असत. पक्षाचे सामान्य मतदार थेट कौल देतात अशा प्राथमिक निवडणुका जेमतेम पंधरा राज्यांत होत. त्यांतून उमेदवारी मिळण्यापेक्षा एखाद्याची हवा आहे की नाही एवढंच कळे. मात्र ही हवा कधी कधी जीवघेणी ठरे. 1952 साली न्यू हॅम्पशरमध्येच सिनेटर एस्टस कीफॉव्हर यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना मागे टाकलं आणि महिना उलटायच्या आत ट्रुमन यांनी पुन्हा न लढण्याचा निर्णय जाहीर केला. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच पक्षात अडवता येतं, याला हा एक दाखला होता.

जॉन्सन यांना अडवायचं हे डोक्यात घेतलं होतं ॲलर्ड लोवेनस्टाइन या न्यूयॉर्कच्या वकिलाने. वय 38. एके काळी राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष राहिलेला हा माणूस अजूनही विद्यापीठांच्या आवारातच जास्त रमायचा. 1964 साली 61 टक्के मतं घेऊन निवडून आलेल्या जॉन्सन यांची पत 1967 पर्यंत व्हिएतनामने खाऊन टाकली होती. तिथे अमेरिकेचे जवळपास 5 लाख सैनिक होते आणि युद्ध संपायचं नाव घेत नव्हतं. विद्यापीठांत निषेधाचे मोर्चे रोजचे झाले होते. लोवेनस्टाइनचं म्हणणं असं, की मोर्चाने सरकार हलत नाही, निवडणुकीने हलतं. पण निवडणुकीला उमेदवार लागतो आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. लोवेनस्टाइन आधी सिनेटर रॉबर्ट केनेडींकडे गेला. केनेडींना युद्ध मान्य नव्हतं, पण स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध उभं राहण्यात त्यांना राजकीय आत्महत्या दिसत होती. जनरल जेम्स गॅव्हिन यांनी नकार दिला. दक्षिण डाकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना 1968 मध्ये स्वतःचीच जागा राखायची होती. शेवटी यूजीन मॅकार्थी हो म्हणाले.

मॅकार्थी राजकारणात जरा विजोडच होते. कॅथलिक, तरुणपणी काही महिने मठात संन्यासाची दीक्षा घेण्याच्या तयारीत राहिलेले, नंतर कॉलेजात शिकवणारे, कविता लिहिणारे. आवाज चढवायचा नाही, गर्दीला चेतवायचं नाही, टाळ्यांसाठी थांबायचं नाही असा स्वभाव. ऑगस्ट 1967 मध्ये सिनेटच्या परराष्ट्र समितीपुढे सरकारच्या वतीने निकोलस कॅट्झेनबाख यांनी साक्ष दिली. 1964 चा टोंकिनच्या आखाताचा ठराव म्हणजे युद्ध पुकारण्याची परवानगीच होती, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं ऐकून मॅकार्थी संतापाने उठून बाहेर पडले. 30 नोव्हेंबरला त्यांनी उमेदवारी जाहीर केली. आपल्या हातात काहीच नाही अशी जी निराशा लोकांत आणि विशेषतः तरुणांत पसरली आहे ती थोडी तरी दूर व्हावी, हा हेतू त्यांनी त्या निवेदनात बोलून दाखवला.

निराशेला कारण होतं. अठराव्या वर्षी मुलाला सक्तीच्या लष्करभरतीसाठी नाव नोंदवावं लागे, मत मात्र एकविसाव्या वर्षी. जॉर्जिया आणि केंटकीत 18 व्या वर्षी मत होतं, अलास्कात 19 व्या आणि हवाईत 20 व्या, बाकी सगळीकडे 21. त्या काळी भारतातही वय 21 च होतं. ते 18 वर यायला आपल्याकडे 61 वी घटनादुरुस्ती आणि 1989 साल उजाडावं लागलं. पण भारतात कोणाला सक्तीने लढायला पाठवत नव्हते. अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्याला भरतीतून तात्पुरती सूट मिळे आणि म्हणून युद्धावर जाणारी मुलं बरीचशी कामगारांच्या, शेतकऱ्यांच्या, काळ्यांच्या घरातली असत. फेब्रुवारी 1968 मध्ये सरकारने पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांची ही सूट काढून घेतली. आता हार्वर्डमध्ये इतिहासाचा प्रबंध लिहिणाऱ्याच्या दारातही भरतीचं पत्र येऊ शकत होतं. तत्त्वाचा प्रश्न एका रात्रीत जिवाचाही झाला.

न्यू हॅम्पशरमध्ये मात्र सुरुवातीला मॅकार्थींची डाळ शिजत नव्हती. इथे लढायचं की नाही हे ठरवायलाच त्यांनी जानेवारी उजाडवला. डार्टमथ कॉलेजातले डेव्हिड होह आणि काँकर्डच्या सेंट पॉल शाळेतले शिक्षक गेरी स्टड्स या दोघांनी त्यांना गळ घातली आणि हाताशी फारसं काही नसताना प्रचाराची यंत्रणा उभी करायला घेतली. राज्य सनातनी वळणाचं. मँचेस्टरसारख्या गावांत कापड गिरण्यांत राबलेल्या फ्रेंच-कॅनेडियन कॅथलिकांची वस्ती मोठी. ॲमोस्केगची जगप्रसिद्ध गिरणी तिसाव्या दशकातच बंद पडली होती. देशभक्ती घराघरांत मुरलेली आणि कित्येक घरांतली मुलं लष्करात. गव्हर्नर जॉन किंग आणि सिनेटर थॉमस मॅकिन्टायर जॉन्सन यांच्या बाजूने होते. मॅकार्थींना दहा-बारा टक्के मतं मिळाली तरी खूप, असा जाणकारांचा हिशेब होता.

30 जानेवारीला व्हिएतनाममध्ये टेटचा हल्ला सुरू झाला. दक्षिणेतली शंभरावर शहरं-गावं एकाच वेळी पेटली, सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात शत्रू घुसला आणि ते सगळं दूरचित्रवाणीवर घरोघर दिसलं. लष्करीदृष्ट्या हल्ला परतवला गेला, पण विजय हाताशी आल्याचं जे सरकार सांगत होतं, त्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला. 27 फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉन्काइट या देशातल्या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या वृत्तनिवेदकाने हे युद्ध कोंडीत अडकल्याचं स्वतःचं मत पडद्यावर सांगितलं. आणि याच महिन्यात न्यू हॅम्पशरच्या बर्फात विद्यार्थ्यांनी भरलेल्या बसगाड्या येऊ लागल्या.

येल, हार्वर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, थेट मिशिगनपर्यंतच्या विद्यापीठांतून शुक्रवारी संध्याकाळी मुलं निघत. चर्चच्या तळघरांत, व्यायामशाळांत, समर्थकांच्या दिवाणखान्यांत अंथरूण टाकत आणि शनिवार-रविवार गल्ल्या पिंजून काढून रविवारी रात्री परतत. काहींनी त्या सत्रापुरतं कॉलेजच सोडून दिलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. या सगळ्यांना कामाला जुंपण्याची जबाबदारी होती सॅम ब्राऊनवर. 24 वर्षांचा हा आयोवाचा मुलगा हार्वर्डला धर्मशास्त्र शिकत होता. या मोहिमेत हुशारी कुठे असेल, तर ती भाषणांपेक्षा या पोरांच्या शिस्तीत होती. युद्धविरोधक म्हटला की न्यू हॅम्पशरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे वाढलेले केस, दाढी, अनवाणी पाय आणि जाळलेला झेंडा यायचा. मग नियम झाला: लोकांच्या दारात जायचं तर दाढी उतरवायची, केस कापायचे, टाय लावायचा. मुलींनी आखूड झगे घालायचे नाहीत. दाढीवर ज्यांचा फारच जीव होता त्यांना तळघरात बसून मतदारयाद्यांची कार्डं लावायचं काम मिळे. मॅकार्थी यांचं नाव घेऊन चकाचक व्हा, अशा अर्थाची, इंग्रजीत यमक जुळणारी घोषणाच त्या दिवसांत रूढ झाली.

दुसरा नियम पाळायला जास्त अवघड होता. दारात वाद घालायचा नाही. व्हिएतनामचा इतिहास, जिनिव्हा करार, नापाम बॉम्ब हे सगळं या मुलांना तोंडपाठ होतं आणि ते ऐकवण्याची त्यांना खुमखुमीही होती. पण त्यांना शिकवलं गेलं ते असं: नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, पत्रक द्या, आणि घरातलं माणूस काय म्हणतं ते ऐका. कोण पक्का, कोण डळमळीत, कोण विरोधात, याची कार्डावर नोंद करा. डळमळीत असेल त्याच्याकडे पुन्हा जा. मतदानाच्या दिवशी पक्क्यांना घराबाहेर काढा. गल्लीत वाढलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे तंत्र नवं नाही. पण इथल्या डेमोक्रॅटिक पक्षाने या घरांची कडी वर्षानुवर्षं वाजवली नव्हती. शून्याखालच्या थंडीत, नाक लाल झालेला, बुटांवर बर्फ चिकटलेला एखादा विशीतला मुलगा दारात उभा राहून अदबीने बोलतोय, हे बघून बायका त्याला कॉफी प्यायला आत घेत. नेमक्या याच पिढीशी त्यांचं स्वतःच्या घरात भांडण चाललेलं असायचं. आपली मुलं आपलं ऐकत नाहीत, ही निदान ऐकतात तरी, हा दिलासा मतपेटीपर्यंत पोचला.

जॉन्सन यांच्या माणसांनी नेमकी उलटी तऱ्हा अवलंबली. त्यांनी मतदारांसाठी तीन भागांची वचनपत्रं छापली. प्रत्येकावर अनुक्रमांक. मतदाराने सही करून, आपण राष्ट्राध्यक्षांचं नाव लिहू असं वचन द्यायचं. एक भाग त्याच्याकडे राहणार, दुसरा पक्षाच्या राज्य कार्यालयात, तिसरा थेट व्हाइट हाउसला. राष्ट्राध्यक्षांकडे आपलं नाव जाणार याचा लोकांना अभिमान वाटेल, अशी कल्पना. पण गुप्त मतदानावर गाढ श्रद्धा असलेल्या या राज्यात ते कार्ड पाळत ठेवल्यासारखं वाटलं. गुप्त मतदानाचं झालं तरी काय, असा प्रश्न मॅकार्थींच्या जाहिरातींनी विचारला आणि वचनपत्रं जॉन्सन यांच्याच गळ्यात आली. त्यावर कडी म्हणून जाहिराती निघाल्या, की व्हिएतनामचे कम्युनिस्ट न्यू हॅम्पशरकडे डोळे लावून बसले आहेत. ज्या घरात आदल्या शनिवारी कोणाचा तरी टाय लावलेला, बोलायला लाजणारा मुलगा कॉफी पिऊन गेला, त्या घराला तो शत्रूचा हस्तक आहे हे पटणं कठीण होतं.

शेवटच्या शनिवार-रविवारी मुलांची इतकी रीघ लागली, की आता आणखी येऊ नका असं विद्यापीठांना कळवावं लागलं. त्याच रविवारी, 10 मार्चला, न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली: व्हिएतनाममधल्या अमेरिकी फौजेचे सेनापती जनरल वेस्टमोरलंड यांनी आणखी 2 लाख 6 हजार सैनिक मागितले आहेत. मंगळवारी मतदान झालं.

त्या रात्री मँचेस्टरजवळच्या वेफेअरर हॉटेलात मॅकार्थींची तरुण फौज आकडे ऐकत होती. रिपब्लिकन मतदारांनी आपल्या मतपत्रिकेवर हाताने लिहिलेली नावंही धरली, तर दोघांतलं अंतर अवघं 230 मतांचं उरलं. शिवाय अधिवेशनाला जाणाऱ्या 24 प्रतिनिधींपैकी 20 मॅकार्थींचे निवडून आले. जागा 24 असताना जॉन्सन यांच्या बाजूने त्याहून कितीतरी जास्त लोक हौसेने उभे राहिले होते आणि मतं फुटली. मॅकार्थींनी मात्र मोजून 24 नावं दिली होती. लोक म्हणतात या मोहिमेने तरुणांना व्यवस्थेत परत आणलं, पण खरं तर तरुणांनीच देशाला व्यवस्थेत परत आणलं, अशा अर्थाचं मॅकार्थी बोलले. हीच ताकद घेऊन अधिवेशनाला गेलो तर तिथे दंगे होणार नाहीत, विजयोत्सव होईल, असंही ते म्हणाले. पोरांनी अधिवेशनाच्या शहराचं नाव घोषणेसारखं घुमवलं: शिकागो, शिकागो.

आनंद खरा होता, पण त्याचा अर्थ पोरांना वाटत होता तेवढा सरळ नव्हता. पुढच्या वर्षी मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी मतदारांच्या मुलाखतींवरून जे मांडलं, ते वाचून अनेकांना धक्का बसला. न्यू हॅम्पशरमध्ये मॅकार्थींना मत देणाऱ्यांत जॉन्सन युद्धात पुरेसे कठोर नाहीत म्हणून चिडलेल्यांची संख्या युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांपेक्षा जास्त होती, जवळजवळ तीनास दोन. मॅकार्थी युद्धाबाबत काय म्हणतात हे कित्येकांना धड माहीतही नव्हतं. त्यांना जॉन्सन नको होते, एवढंच. म्हणजे शांततेसाठी झटणाऱ्या मुलांनी दारोदार जाऊन जो असंतोष गोळा केला, त्यातला मोठा भाग शांततेचा नव्हताच.

यावरून पोरांची मेहनत फुकट गेली असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते. मला तो पटत नाही. असंतोष आधीपासून होता, पण विखुरलेला आणि मुका. त्याला एक नाव, एक तारीख आणि मतपत्रिकेवरची एक चौकट मिळवून देणं हे काम कोणीतरी करायला हवं होतं. ते करणाऱ्याने मतदाराशी वाद घातला असता, तर हे मतदार हातचे गेले असते. ऐकून घेण्याच्या त्या नियमामुळेच एकमेकांच्या उलट विचारांची माणसं एका नावाखाली आली. तरुणांनी देशाचं मत बदललं नाही. देशात जे मत साचलं होतं, ते त्यांनी मोजायला लावलं.

मतदानानंतर चार दिवसांनी, 16 मार्चला, रॉबर्ट केनेडींनी उमेदवारी जाहीर केली. न्यू हॅम्पशरमध्ये बर्फ तुडवलेल्या पोरांच्या दृष्टीने हा आयत्या बिळावरचा नागोबा होता. वास्तविक त्यांच्यातल्या निम्म्यांच्या खोलीत केनेडींची तसबीर असेल. महिनाभर आधी ते उभे राहिले असते, तर हीच मुलं त्यांच्यासाठी धावली असती. आता मात्र बहुतेक जण मॅकार्थींना चिकटून राहिले आणि दुसऱ्या आघाडीवर, विस्कॉन्सिनला, गेले. तिथे 2 एप्रिलला मतदान होतं. जॉन्सन यांचे विश्वासू लॅरी ओब्रायन यांनी तिथली पाहणी करून साहेबांना वाईट बातमी दिली: हे राज्य जाणार. 31 मार्चला मॅकार्थी वॉकीशातल्या कॅरल कॉलेजात बोलत असतानाच जॉन्सन यांच्या माघारीची बातमी येऊन थडकली.

माघारीचं सगळं श्रेय पोरांच्या पदरात टाकणं इतिहासाला धरून होणार नाही. जॉन्सन यांना 1955 मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेला होता आणि पुन्हा उभं राहावं की नाही हा विचार त्यांच्या मनात आधीपासून घोळत होता. टेटनंतर त्यांच्याच सल्लागारांनी युद्ध वाढवायला विरोध सुरू केला होता. केनेडींचं आव्हान समोर होतंच. पण केनेडी उतरले ते न्यू हॅम्पशरने जॉन्सन यांची जखम उघडी पाडल्यावर. माघारीनंतर दोन दिवसांनी विस्कॉन्सिनने मॅकार्थींना 56 टक्के मतं दिली, जॉन्सन यांना 35.

इथून पुढची गोष्ट मात्र पायपिटीची मर्यादा दाखवते. 4 एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि शहरं पेटली. केनेडी काळ्यांच्या, मेक्सिकन शेतमजुरांच्या, कारखान्यांच्या वस्त्यांत जात होते आणि तिथे त्यांना बघायला माणसं लोटत होती. मॅकार्थींचं बळ उपनगरांत आणि विद्यापीठांच्या गावांत. त्यांच्या स्वभावातला एक तुटकपणा आता उघड झाला. आपले मतदार जास्त शिकलेले आहेत, असं त्यांनी बोलूनही दाखवलं. इंडियाना आणि नेब्रास्का केनेडींनी जिंकलं. 28 मे रोजी ओरेगॉनमध्ये मॅकार्थींनी त्यांना हरवलं, आणि केनेडी घराण्यातल्या कोणी निवडणूक हरण्याची ती पहिलीच वेळ. 4 जूनला कॅलिफोर्निया केनेडींनी 46 विरुद्ध 42 टक्क्यांनी घेतलं आणि मध्यरात्रीनंतर लॉस एंजलिसच्या अँबॅसडर हॉटेलात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. ते 6 जूनला गेले. त्यानंतर मॅकार्थींचं मन प्रचारातून उठलं. ते हिंडत राहिले, बोलत राहिले, पण लढत नव्हते.

या सगळ्या काळात उपराष्ट्राध्यक्ष ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्राथमिक निवडणूक लढवली नाही. त्यांना गरजच नव्हती. पेनसिल्व्हेनियाचं उदाहरण घ्या. 23 एप्रिलला तिथल्या मतदारांनी मॅकार्थींना 70 टक्क्यांहून जास्त मतं दिली. अधिवेशनात त्या राज्याच्या 130 मतांपैकी शंभराहून जास्त हम्फ्रींना गेली. मतदार एकीकडे आणि प्रतिनिधी दुसरीकडे, आणि नियमात हे बसत होतं. ज्या पोरांनी दारोदार जाऊन कार्डं भरली, त्यांना आता कळलं की दार ठोठावण्याची खरी जागा वेगळीच आहे.

ऑगस्टच्या अखेरीस शिकागोत अधिवेशन भरलं. हिंसाचार होणार हे दिसत होतं. म्हणून मॅकार्थींनी आपल्या तरुण समर्थकांना शिकागोला येऊ नका असं आवाहन केलं. मार्चमध्ये ज्या शहराचं नाव घुमवलं, तिथेच आता जायचं नव्हतं. तरी काही आले, आणि निवडणुकीवर मुळातच विश्वास नसलेले दुसरे तरुणही आले. त्यांच्या लेखी न्यू हॅम्पशरमध्ये दाढी उतरवणं म्हणजे शरणागती होती. महापौर रिचर्ड डेली यांनी 12 हजार पोलीस उभे केले होते. 28 ऑगस्टला दिवसाच अधिवेशनाने व्हिएतनाममधल्या शांततेचा ठराव फेटाळला होता. रात्री मिशिगन अव्हेन्यूवर कॉनरॅड हिल्टन हॉटेलसमोर पोलिसांनी कॅमेऱ्यांच्या उजेडात लाठ्या चालवल्या आणि त्याच रात्री सभागृहात हम्फ्रींना उमेदवारी मिळाली. त्यांना 1,760 च्या आसपास मतं, मॅकार्थींना 601. शुक्रवारी पहाटे पोलीस हिल्टनच्या पंधराव्या मजल्यावर चढले. तिथे मॅकार्थींचे कार्यकर्ते उतरले होते. खिडक्यांतून वस्तू फेकल्या जात आहेत, असा त्यांच्यावर आरोप. झोपेतून उठवून, झोडपून मुलांना खाली आणलं गेलं. या पोरांनी सुरुवातीपासून नियम पाळले होते. मॅकार्थी स्वतः खाली आले आणि मुलं सुखरूप होईपर्यंत त्यांनी शहर सोडलं नाही.

नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. युद्ध आणखी काही वर्षं चाललं. तरुण सगळे एका बाजूला होते असंही नाही. तिसरे उमेदवार म्हणून उभे राहून वर्णद्वेषी प्रचार करणाऱ्या जॉर्ज वॉलेस यांना दक्षिणेबाहेर वडीलधाऱ्यांपेक्षा तरुणांतच जास्त पाठिंबा असल्याचं पाहण्यांत दिसलं होतं. कॉलेजातली मुलं म्हणजे तरुण पिढी, हा त्या काळच्या पत्रकारांचा सोयीचा गैरसमज होता.

मग उरलं काय? झगमगाटापासून लांब झालेलं एक काम उरलं. कनेक्टिकटमध्ये मॅकार्थींसाठी राबलेल्या कार्यकर्त्यांपैकी जेफ्री कावन या येलमधून कायदा शिकलेल्या तरुणाने काही सहकाऱ्यांना घेऊन प्रतिनिधी निवडण्याच्या पद्धतीचीच चौकशी करायचं ठरवलं. आयोवाचे गव्हर्नर हॅरल्ड ह्यूज यांना अध्यक्ष करून त्यांनी एक अहवाल तयार केला आणि तो अधिवेशनापुढे ठेवला. बाहेर लाठ्या चालत असताना आत, फारसं कोणाचं लक्ष नसताना, प्रतिनिधींच्या निवडीत पक्षाच्या प्रत्येक मतदाराला भाग घेता आला पाहिजे, असा ठराव मंजूर झाला. त्यातून 1969 मध्ये मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. त्याने बंद खोलीतले सौदे मोडून काढले आणि स्त्रिया, अल्पसंख्य आणि तरुणांना प्रतिनिधित्व द्यायला राज्यांना भाग पाडलं. नवे नियम पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून एकामागून एक राज्यं प्राथमिक निवडणुका घेऊ लागली. 1972 च्या अधिवेशनात तिशीच्या आतले प्रतिनिधी एक पंचमांशाहून जास्त होते. चार वर्षांपूर्वी ते अगदीच मोजके होते.

मतही मिळालं. मार्च 1971 मध्ये सिनेटने 94 विरुद्ध 0 आणि प्रतिनिधिगृहाने 401 विरुद्ध 19 मतांनी 26 वी घटनादुरुस्ती मंजूर केली. राज्यांनी 1 जुलैपर्यंत तिच्यावर शिक्कामोर्तब केलं, म्हणजे शंभर दिवसांत. अमेरिकेच्या इतिहासात कोणतीही घटनादुरुस्ती इतक्या झपाट्याने झालेली नाही. 1972 मध्ये नव्या नियमांनी मॅकगव्हर्न यांना उमेदवारी मिळवून दिली आणि नव्या मतदारांची लाट त्यांना तारेल अशी आशा बांधली गेली. लाट आलीच नाही. 18 ते 24 वयाच्या निम्म्याच लोकांनी मतदान केलं, तेही एकगठ्ठा नाही. 50 पैकी 49 राज्यं निक्सन यांनी जिंकली.

तरुण आळशी निघाले, असा याचा अर्थ लावला जातो. 1968 चा हिशेब समोर ठेवला तर वेगळा अर्थ दिसतो. मत ही एकट्याने करायची गोष्ट आहे आणि एका माणसाचं एकच मत पडतं. न्यू हॅम्पशरमधला टाय लावलेला मुलगा स्वतः शून्य मत देऊन पन्नास दारांवर जात होता. मताधिकार मिळाल्यावर ती दारं आपोआप ठोठावली जातील असं धरून चालणं, ही 1972 ची चूक होती. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, की काय होतं ते 2008 च्या जानेवारीत आयोवात दिसलं. पक्षाची मातब्बर मंडळी हिलरी क्लिंटन यांच्या पाठीशी असताना बराक ओबामांच्या तरुण कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने गावं पालथी घातली, आणि तिशीच्या आतल्या मतदारांनी निम्म्याहून जास्त मतं त्यांना दिली. नोव्हेंबरपर्यंत 18 पूर्ण होणार असतील, तर 17 वर्षांच्या मुलांनाही तिथे मत होतं. 1968 चे नियम असते, तर हे सगळं करूनही उमेदवारी पुढाऱ्यांच्या खोलीतच ठरली असती. नियम बदलायला लागणारा जोर मात्र आला होता तो मत नसलेल्या त्या पोरांकडून.